शेफिल्डच्या दोन मुली आणि एक बँड



हळदीच्या रात्री किंवा जत्रेत ऑर्केस्ट्रा येतो, तेव्हा एक वाद्य आपल्या सगळ्यांच्या नजरेत भरतं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि मागून निघालेली वायर. एक बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की व्हायोलिन, तिसरं दाबलं की ढोलकी. कंपनी कुठलीही असो, आपण त्याला कॅसिओच म्हणतो. विजेवर आवाज तयार करणाऱ्या या वाद्याच्या मोठ्या भावाला सिंथेसायझर म्हणतात. आज आपण अशा एका बँडची गोष्ट ऐकणार आहोत, ज्यानं गिटार आणि ड्रम बाजूला ठेवून जवळजवळ सगळं संगीत याच विजेच्या वाद्यांवर उभं केलं.

बँडचं नाव ह्यूमन लीग, गाव इंग्लंडमधलं शेफिल्ड. ऑक्टोबर १९८० मध्ये हा बँड फुटला होता आणि डोक्यावर कर्ज होतं. डिसेंबर १९८१ मध्ये याच बँडचं गाणं सगळ्या ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. मध्ये गेले फक्त चौदा महिने. या चौदा महिन्यांच्या सुरुवातीलाच शाळेत शिकणाऱ्या दोन मुली बँडमध्ये आल्या. जोॲन कॅथरॉल आणि सुझन ॲन सुली. एक अठरा वर्षांची, दुसरी सतरा.

ही गोष्ट सांगताना बहुतेकजण म्हणतात, पोरींचं नशीब उघडलं. आम्हाला वाटतं, हा हिशोब एकदा नीट मांडून बघायला हवा. नशीब कुणाचं उघडलं आणि कुणामुळे उघडलं?

पोलादाचं गाव

आधी गाव समजून घेऊ. आपल्या मांडणीवरची स्टीलची ताटं-वाट्या आणि शेफिल्ड यांचं जुनं नातं आहे. १९१३ साली याच शहरात हॅरी ब्रिअर्ली या माणसानं न गंजणारं पोलाद तयार केलं. त्याच्याही कितीतरी आधीपासून शेफिल्ड सुऱ्या, कात्र्या, काटे-चमचे यांच्यासाठी प्रसिद्ध होतं. भट्ट्या, घण, धूर आणि पाळ्यांचे भोंगे, असं ते गाव.

पोलाद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुरुष येतात. पण त्या सुऱ्या-चमच्यांना चकाकी आणायचं काम शेफिल्डमध्ये बायका करायच्या. त्यांना बफर गर्ल्स म्हणत. जोरात फिरणाऱ्या चाकावर चमचा धरायचा आणि घासून लखलखीत करायचा. काळी धूळ इतकी उडायची की बायका अंगाला आणि पायांना कागद गुंडाळून, डोक्याला फडकं बांधून कामाला बसायच्या. चमच्यावर छाप पडायची ती कारखान्याच्या नावाची.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, तेव्हा शेफिल्डच्या बायकांनी भट्ट्या आणि क्रेनसुद्धा चालवल्या. युद्ध संपलं, पुरुष परतले आणि बायकांना घरी पाठवलं. त्यांच्या कामाची आठवण म्हणून शहराच्या मध्यावर दोन कामगार बायकांचा पुतळा उभा राहिला, पण केव्हा? २०१६ साली. सत्तर वर्षं उलटून गेल्यावर. आपल्या गोष्टीतल्या दोन मुली या गावच्या आहेत, एवढं लक्षात ठेवू.

त्या मोठ्या होत होत्या तेव्हा गाव पडत्या काळात होतं. १९८० च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पोलाद कामगारांचा सुमारे तीन महिन्यांचा संप झाला. कारखाने एकामागून एक बंद पडू लागले. जानेवारी १९८२ पर्यंत ब्रिटनमधल्या बेकारांची संख्या तीस लाखांच्या वर गेली. बापाच्या पाठोपाठ मुलानं कारखान्यात जायचं, हा शिरस्ता मोडला. मग तरुण मुलं करायची काय? शेफिल्डमधल्या काहीजणांनी बँड काढले.

विजेची वाद्यं आणि मोजून लिहिलेली चाल

ह्यूमन लीगची सुरुवात १९७७ साली झाली. मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श हे दोघं कॉम्प्युटर चालवायची नोकरी करत होते. गायला त्यांनी घेतलं वेअरच्या शाळेतल्या मित्राला, फिलिप ओकीला. ओकी दवाखान्यात हमाल होता, रुग्णांना इकडून तिकडे न्यायचं त्याचं काम. गाण्याचं शिक्षण नव्हतं, पण आवाज खर्जातला आणि भारदस्त होता. केसांची तऱ्हाही वेगळीच होती. एका बाजूला आखूड आणि दुसऱ्या बाजूला खांद्याच्या खाली लोंबणारे. चौथा एड्रियन राइट. तो वाजवायचा नाही. गाणी चालू असताना पडद्यावर चित्रं दाखवायचा.

सिंथेसायझर आधी फार महाग असायचा. श्रीमंत गायक-वादकांकडे आणि मोठ्या स्टुडिओंतच तो दिसायचा. सत्तरच्या दशकात कॉर्ग, रोलँड अशा जपानी कंपन्यांनी लहान आणि स्वस्त सिंथेसायझर काढले. ते पगारदार तरुणांच्या आवाक्यात आले. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. गिटार शिकायला वर्षं लागतात, बोटांना घट्टे पडतात. सिंथेसायझरवर एका बोटानं चाल वाजवता येते. ज्याला कुणी गुरू मिळाला नाही, त्यालाही कान आणि चिकाटी असेल तर दार उघडलं. आपल्याकडे शिलाई मशिन घरात आलं तेव्हा जसं शिंप्याच्या घरी न जन्मलेल्या बायकाही शिवू लागल्या, तसंच काहीसं हे झालं.

त्यांचं पहिलं गाणं १९७८ साली आलं. विषय काय असेल? रेशमाचे किडे! उकळत्या पाण्यात टाकून त्यांचे कोश उकलतात, त्यावर ते गाणं होतं. ज्यांच्या घरी तुतीचा मळा आहे, त्यांना हे ऐकून गंमत वाटेल. गाणं जाणकारांना आवडलं, पण खपलं नाही. पुढे व्हर्जिन या मोठ्या कंपनीनं त्यांना करारात घेतलं. १९७९ आणि १९८० मध्ये दोन अल्बम निघाले. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, पण कंपनीनं आगाऊ दिलेले पैसे काही फिटेनात.

नाव घेतलं, कर्जही घेतलं

पैसा आला नाही की भांडणं येतात. वेअर आणि ओकी यांचं पटेना. ऑक्टोबर १९८० मध्ये बँड दुभंगला. वाद्यांची आणि यंत्रांची खरी जाण असलेले वेअर आणि मार्श बाहेर पडले. ओकी आणि चित्रं दाखवणारा राइट मागे राहिले.

वाटणी कशी झाली ती बघा. ह्यूमन लीग हे नाव ओकी आणि राइटकडे आलं. नावासोबत कंपनीचं कर्जही आलं आणि आधी ठरलेला युरोपचा दौरा करून द्यायची जबाबदारीही आली. गेलेल्या दोघांना पुढच्या अल्बमच्या मानधनातून एक टक्का द्यायचं ठरलं. तेव्हा तो एक टक्का म्हणजे काहीच नाही, असं कुणालाही वाटलं असतं. आपल्या गटांतही वाटणीच्या वेळी नाव कुणाकडे आणि कर्ज कुणाकडे हा प्रश्न येतो. इथे दोन्ही एकाच ओंजळीत पडलं.

दौरा काही दिवसांवर आलेला. केला नाही तर कायद्याच्या भानगडी. आणि बँडमध्ये उरले होते एक गाणारा आणि एक चित्रं दाखवणारा. वादक म्हणून इयन बर्डन हा शेफिल्डचाच तरुण घेतला. पण गाण्यांत वरच्या पट्टीतला आवाज वेअरचा असायचा. तो आता कुठून आणायचा? ओकीनं ठरवलं, एखादी मुलगी घेऊ.

शाळेतून थेट मंचावर

शेफिल्डमध्ये क्रेझी डेझी नावाचा एक नाइट क्लब होता, तरुण मुलामुलींची नाचायची जागा. ओकी तिथे गेला आणि त्याला दोन मैत्रिणी नाचताना दिसल्या, जोॲन आणि सुझन. दोघी शाळेच्या शेवटच्या वर्षांत शिकत होत्या. गाण्याचं शिक्षण नाही, मंचावर कधी पाय ठेवलेला नाही. ह्यूमन लीग मात्र त्यांना माहीत होती. त्याच दौऱ्यातल्या एका कार्यक्रमाची तिकिटंसुद्धा त्यांनी आधीच काढून ठेवली होती! ओकीला हवी होती एक मुलगी. त्यानं दोघींना विचारलं, कारण परक्या मुलखात दोघी एकमेकींना सोबत होतील, एकमेकींकडे बघतील.

इथे एक क्षण थांबू. सतरा-अठरा वर्षांच्या मुली. अनोळखी पुरुषांबरोबर परदेशी दौरा. नाइट क्लबमध्ये झालेली ओळख. आपल्यापैकी कुणाच्या लेकीनं घरी येऊन असं सांगितलं असतं, तर? तिथल्या आईबापांनाही काळजी वाटलीच. ओकी आणि राइट यांना मुलींच्या घरी जाऊन पालकांची परवानगी मागावी लागली. अर्धे केस लोंबकळणारा, डोळ्यांत काजळ घातलेला माणूस दारात उभा आणि म्हणतो, तुमची मुलगी आमच्याबरोबर पाठवा! पालकांनी हो म्हटलं. शाळेचीही परवानगी लागली. परदेश बघून मुली काही शिकतील, असं म्हणून शाळेनंही सोडलं.

आम्हाला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. इतिहासात ‘ओकीला दोन मुली सापडल्या’ एवढंच लिहिलं जातं. पण त्या दोघींनी आपल्या घरात ही गोष्ट काढली असेल, शाळेत विचारलं असेल, भीती गिळली असेल. सापडणं हे एका रात्रीचं. हो म्हणणं आणि हो म्हणवून घेणं हे काम त्यांचं होतं.

दौरा सोपा नव्हता. जुने चाहते चार पुरुषांचा गंभीर बँड बघायला आलेले. त्यांच्यापुढे दोन नवख्या मुली नाचताना दिसल्या. हुर्यो उडाली, टोमणे आले. वर्तमानपत्रांतही खिल्ली उडवली गेली. खरा बँड तर फुटला, आता ओकी आणि नाचणाऱ्या पोरी उरल्या, असं लोक म्हणू लागले. त्या दोघी तरीही रोज रात्री मंचावर उभ्या राहिल्या. दौरा पुरा झाला, कराराचा शब्द पाळला गेला. मग दोघी पुन्हा शाळेत जाऊन बसल्या.

त्यांना ‘पाहुण्या’ म्हणून घेतलं होतं. पण दौऱ्यानंतर ओकीनं त्यांना कायमचं बँडमध्ये घेतलं.

एक वर्ष, चार पायऱ्या

ब्रिटनमध्ये दर आठवड्याला कुठल्या गाण्याच्या किती तबकड्या खपल्या, यावरून क्रम लागतो. तो क्रम बघितला की बँडची चढण कळते.

१९८१ च्या सुरुवातीला आलेलं गाणं अठ्ठेचाळिसाव्या क्रमांकापर्यंत गेलं. कंपनीनं ओळखलं की यांना एक जाणता माणूस हवा. मार्टिन रशंट नावाचा निर्माता त्यांना दिला. शेफिल्डमध्ये एक गंमतच झाली होती. फुटून गेलेल्या दोघांनी हेवन सेव्हनटीन नावाचा नवा बँड काढला होता आणि दोन्ही बँडना एकच स्टुडिओ वाटून घ्यावा लागत होता. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रात्रपाळी. भाऊबंदांच्या विहिरीवर पाण्याच्या पाळ्या असतात ना, तशातला प्रकार. रशंटनं ह्यूमन लीगला तिथून उचललं आणि दोनशेहून जास्त किलोमीटर दूर, रेडिंग शहराजवळच्या आपल्या स्टुडिओत नेलं.

तिथे काम कसं चालायचं? एक यंत्र होतं, रोलँड कंपनीचं मायक्रोकंपोझर. त्यात चाल वाजवायची नाही, आकड्यांत भरायची. कुठला सूर, किती वेळ, मध्ये किती थांबायचं, हे सगळं अंकांत. स्वेटर विणताना आपण दोन सुलट, दोन उलट असा नमुना घालतो, तसा स्वरांचा नमुना घालायचा आणि यंत्रानं तो न चुकता विणायचा. दुसरं यंत्र अमेरिकेतलं, लिन कंपनीचं. खऱ्या ड्रमचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यात साठवलेले होते. बटणं दाबून ताल बसवायचा. दिसायला सोपं, पण एका गाण्याला दिवसचे दिवस लागत. एक आकडा चुकला तर सगळा ताल बिघडे.

त्याच दिवसांत दोघींची शाळेची शेवटची परीक्षा होती. त्या शेफिल्डहून रेडिंगला यायच्या, गायच्या आणि अभ्यासाला परत जायच्या. एकीकडे परीक्षा, दुसरीकडे हेडफोन.

आता पायऱ्या बघा. वसंत ऋतूत आलेलं ‘साउंड ऑफ द क्राउड’ बाराव्या क्रमांकावर गेलं. याच सुमारास गिटार सोडून सिंथेसायझर शिकलेला जो कॅलिस बँडमध्ये आला. उन्हाळ्यात ‘लव्ह ॲक्शन’ तिसऱ्या क्रमांकावर गेलं. त्यानंतरचं ‘ओपन युअर हार्ट’ सहाव्या. ऑक्टोबरमध्ये ‘डेअर’ हा अल्बम आला आणि पहिल्या क्रमांकावर गेला. डेअर म्हणजे धाडस. एका वर्षापूर्वी ज्यांची हुर्यो उडाली, त्या दोघींचे चेहरे आता मासिकांच्या मुखपृष्ठांवर होते.

लोकांना आवडलं काय? यंत्राचा ताल थंड असतो, ओकीचा आवाजही जडच. त्यावर या दोघींचा आवाज आला की गाणं माणसांत येई. त्यांचा आवाज तयारीचा नव्हता. शेजारच्या मुलीनं गुणगुणावं तसा साधा होता. त्या नाचायच्याही तशाच, वरातीत मुली नाचतात तशा. घरी टीव्ही बघणाऱ्या मुलींना वाटलं, हे तर आपल्याला पण येईल. जुना ह्यूमन लीग चार पुरुषांचा होता आणि त्याला ऐकणारी बहुतेक तरुण मुलंच. नव्या ह्यूमन लीगच्या तबकड्या मुलींनीही घेतल्या.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. तेव्हा आपल्याकडेही विजेच्या वाद्यांची हवा होती. १९८० च्या ‘कुर्बानी’ सिनेमातलं ‘आप जैसा कोई’ हे गाणं आठवतं? ते लंडनमध्ये राहणाऱ्या पंधरा वर्षांच्या नाझिया हसननं गायलं होतं. संगीतकार होता लंडनमध्येच स्थायिक झालेला बिड्डू. म्हणजे इंग्लंडमध्ये जे चाललं होतं, त्याचा एक धागा आपल्या लाउडस्पीकरपर्यंत त्याच वर्षी येऊन पोचला होता.

‘तुला मी घडवलं’

‘डेअर’ अल्बममध्ये सगळ्यात शेवटी एक गाणं होतं, ‘डोन्ट यू वॉन्ट मी’. ओकीला ते सगळ्यात कच्चं वाटायचं. कंपनीनं ते वेगळी तबकडी काढायला निवडलं तेव्हा त्यानं विरोध केला. पण कंपनी ऐकेना. नोव्हेंबर १९८१ च्या अखेरीला तबकडी आली. डिसेंबरमध्ये ती पहिल्या क्रमांकावर गेली आणि पाच आठवडे तिथेच राहिली. नाताळात पहिल्या क्रमांकावर असणं हा ब्रिटनमध्ये मोठा मान. तोही मिळाला. एकट्या ब्रिटनमध्ये पंधरा लाखांहून जास्त प्रती खपल्या. जुलै १९८२ मध्ये अमेरिकेतही ते पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथे गाण्यांची चित्रफीत चोवीस तास दाखवणारी एमटीव्ही ही वाहिनी ऑगस्ट १९८१ मध्ये नुकतीच सुरू झाली होती. सिनेमासारखी काढलेली या गाण्याची चित्रफीत तिथे वारंवार लागली.

गाण्यात आहे काय? एक पुरुष आणि एक बाई यांचा संवाद. ओकीनं मूळ कल्पना मुलींच्या एका मासिकातल्या चित्रकथेवरून घेतली होती. आधी ते एका पुरुषाचंच गाणं होतं. पुढे त्याचा संवाद झाला आणि बाईचं कडवं सुझनला मिळालं. तोपर्यंत दोघी फक्त साथीला गात होत्या.

पहिल्या कडव्यात पुरुष हिशोब सांगतो. तू एका बारमध्ये वाढपाचं काम करत होतीस, मी तुला वर काढलं, आज तू मोठी झालीस आणि मला सोडून चाललीस? मी ठरवलं तर तुला परत खाली आणीन. मग सुझन गाते. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की मी तिथे काम करत होते हे खरं. पण तेव्हाही मला ठाऊक होतं की मी पुढे जाणार, तुझ्याबरोबर किंवा तुझ्याशिवाय. आता मला माझं मी जगायचं आहे.

तिचा आवाज चढत नाही. रडणं नाही, शिव्याशाप नाहीत. भाजीचा हिशोब सांगावा इतक्या सरळ आवाजात ती हे सांगते. लाखो लोकांनी ते ऐकलं. अनेकांना वाटलं, ही ओकी आणि या मुलींचीच खरी गोष्ट. तसं नव्हतं. त्या काही वाढपी नव्हत्या, शाळेतल्या मुली होत्या. पण लोकांना तसं वाटावं यात नवल नाही, कारण ‘मी तुला घडवलं’ हे वाक्य जगात सगळीकडे बोललं जातं.

कुणी कुणाला घडवलं?

आता हिशोब मांडू. ओकीनं दोघींना संधी दिली, हे खरं. दाराशी जाऊन परवानगी मागितली, पाहुण्या न ठेवता बँडमध्ये सामावून घेतलं, हेही खरं. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

दुसरी बाजू बघू. दौरा झाला नसता तर बँड करार मोडल्याच्या कचाट्यात सापडला असता. तो दौरा दोघींनी टोमणे खात तारून नेला. ज्या गाण्यानं बँड जगभर गेला, त्याचं निम्मं वजन एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या आवाजावर आहे. ते कडवं काढून टाका, मागे उरतो एका चिडलेल्या पुरुषाचा तक्रारीचा सूर. १९८२ च्या ब्रिट पुरस्कारांत ह्यूमन लीगला नवोदितांचा पुरस्कार मिळाला. बँड तर १९७७ पासूनचा! मग नवं काय होतं? त्या वर्षीची नवी माणसं आणि त्यांत सगळ्यांच्या डोळ्यांत भरलेल्या या दोघी.

आणि तिसरी बाजू कागदाची. गाणं कुणी रचलं, त्यांची नावं तबकडीवर छापतात. ते गाणं पुढे जितक्या वेळा वाजेल, तितक्या वेळा रचनेचा मोबदला त्या नावांना मिळतो. ‘डोन्ट यू वॉन्ट मी’वर तीन नावं आहेत, कॅलिस, ओकी आणि राइट. कायद्यानं ते बरोबरच आहे, रचना त्यांची होती. पण यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कौतुक आवाजाला मिळतं, पैसा कागदावरच्या नावाला मिळतो. बफर गर्ल्सनी घासलेल्या चमच्यावरही नाव दुसऱ्याचंच होतं.

तो एक टक्का आठवतो? गेलेल्या दोघांना ‘डेअर’मधून त्यांचा हिस्सा मिळाला, कारण ते कागदावर लिहिलेलं होतं.

उतार आणि टिकून राहणं

इतक्या वेगानं चढलेलं उतरतंही. ‘डेअर’ नंतर १९८२-८३ मध्ये दोन गाणी दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. पण पुढचा अल्बम रेंगाळला, रशंट सोडून गेला. १९८४ मध्ये तो अल्बम आला तेव्हा पहिल्यासारखी जादू नव्हती. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या निर्मात्यांबरोबर केलेलं ‘ह्यूमन’ हे गाणं अमेरिकेत पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यानंतर परत उतार. कॅलिस गेला, राइट गेला, बर्डन गेला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला व्हर्जिन कंपनीनंही त्यांना सोडलं.

जोॲन आणि सुझन गेल्या नाहीत. पैसा आटला, लोक विसरले, तरी त्या थांबल्या. १९९५ मध्ये दुसऱ्या कंपनीबरोबर केलेलं ‘टेल मी व्हेन’ सहाव्या क्रमांकावर गेलं आणि लोक पुन्हा कार्यक्रमांना येऊ लागले. आज चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही ह्यूमन लीग गाते. बँड म्हणजे आता तिघंच, ओकी, जोॲन आणि सुझन. यंत्रं जाणणारे गेले, चाली रचणारे गेले. ज्यांना लोक ‘नाचणाऱ्या पोरी’ म्हणाले, त्या मात्र पाय रोवून उभ्या आहेत. त्यांनी साठी ओलांडली तरी वर्तमानपत्रं त्यांना अजून ‘मुली’च म्हणतात, ही त्यातली गंमत आणि खंतही.

म्हणून आम्ही म्हणतो, नशीब उघडलं ते एका संध्याकाळी. बाकीच्या सगळ्या वर्षांना नशीब म्हणता येणार नाही. दार कुणीतरी उघडतं, त्याचे आभार मानावेत. पण उंबरठा ओलांडून आत उभं राहायचं, टोमणे ऐकून उभं राहायचं, सगळे निघून गेल्यावरही उभं राहायचं, हे काम ज्याचं त्यानंच केलेलं असतं. तेही वहीत लिहून ठेवायला हवं.

गटाच्या पुढच्या बैठकीत यावर बोला. आपल्या गावात ‘आम्ही तिला वर काढलं’ असं कुणाबद्दल बोललं जातं आणि ती स्वतः काय म्हणते, हे तिलाच विचारा. आपल्या गटाच्या पापड-मसाल्याच्या पाकिटावर, भजनी मंडळाच्या ध्वनिफितीवर, दुकानाच्या परवान्यावर कुणाची नावं आहेत, तेही बघा. लेक नवीन काही करायला निघाली, तर तिला एकटीला न पाठवता सोबतीणही शोधता येते, याचाही विचार करा. काय चर्चा झाली ते केंद्रावर कळवा. पुढच्या वेळी तुमचंच ऐकू.